आधी पत्र, मग तिकीट

नवीन मुलं पीएचडीला लागली की महिन्याभरात कँटीनमध्ये मला गाठतात आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई, पैसे कुठून कुठून मिळतात? मी सांगते, ती मोबाईलमध्ये टाइप करून घेतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत बिलांची पिशवी घेऊन रडवेल्या तोंडाने परत येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी सोशल सायन्सवाली, अंबरनाथ ते कलिना, म्हणजे मुंबई विद्यापीठ, रोजचं अप-डाउन, चौथं वर्ष चालू आहे, तेव्हा लॅबवाल्यांनी आपापलं जुळवून घ्या.

नेट ही पात्रता परीक्षा, पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा, नेटमध्ये वर आलात तर मिळते ती केंद्राची फेलोशिप म्हणजे जेआरएफ, दोन वर्षांनी तीच एसआरएफ होते, एवढं लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० झाले, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं, हे ऐकून घरचे एकदम खूश होतात. पण हे पैसे पगारासारखे १ तारखेला येतील या भ्रमात राहू नका. दर महिन्याला तुमच्या संस्थेतून पोर्टलवर कन्फर्मेशन जावं लागतं, एक जण भरतो आणि दुसरा मंजूर करतो, आणि त्या दोघांपैकी एक जण गणपतीला कोकणात गेला की तुमचा सप्टेंबर गेला. मग दोन महिन्यांचे एकदम येतात, पण रूमचं भाडं काही दोन महिन्यांनी एकदम देता येत नाही ना. निदान तीन महिने निघतील एवढं कुठूनतरी बाजूला ठेवा. मला ते जमलं नव्हतं, दादाकडे हात पसरावे लागले, आणि पंचविशी ओलांडल्यावर भावाकडे पैसे मागायला कसं वाटतं ते मागणाऱ्यालाच माहीत.

राज्याच्या बाजूने फेलोशिप देणाऱ्या संस्था म्हणजे बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त). ज्याची जी कॅटेगरी असेल त्याने ती वेबसाइट दर आठवड्याला उघडायची, जाहिरात कधी येईल नेम नाही. फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून द्या म्हणून मुलांना आझाद मैदानात बसावं लागलंय, तेव्हा हातात येईपर्यंत त्या पैशावर कसलाही हप्ता लावू नका. आणि एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, कुणी कितीही 'चालतं गं' म्हणालं तरी नाही. नंतर वसुली निघते.

जेआरएफ नसेल तर सगळं संपलं असं नाही हं. माझीसुद्धा पहिली दीड वर्षं काहीच नव्हतं, क्लासेसमध्ये शिकवून काढली. आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक विज्ञानवाल्यांची दिल्लीची परिषद, डॉक्टरल फेलोशिप देते. तिचं पश्चिम विभागीय केंद्र तर आपल्या विद्यानगरीतच, म्हणजे कलिना कॅम्पसमध्येच, जे. पी. नाईक भवनात आहे, आणि बाहेरगावच्या लायब्रऱ्या बघायला जायचं असेल तर तिथून स्टडी ग्रँट मिळते, रक्कम छोटी असते पण मिळते. चार वर्षं त्या इमारतीवरून चालत जाणारे लोक मी बघितलेत ज्यांनी एकदाही आत जाऊन विचारलं नाही. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी म्हणजे १८०४ सालची संस्था, तिथेही संशोधनासाठी फेलोशिप निघतात, इतिहास-समाजशास्त्रवाल्यांनी लक्ष ठेवा. सायन्सवाल्यांना सीएसआयआर, इन्स्पायर आणि आता एसईआरबीच्या जागी आलेलं एएनआरएफ अशा केंद्राच्या संस्था-योजना आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना वाटतं पैसे मिळवणं अवघड आहे. मिळालेले पैसे परत मिळवणं जास्त अवघड आहे. कारण फेलोशिपची रक्कम सोडली तर जवळजवळ सगळंच, म्हणजे कंटिंजन्सी (पुस्तकं, झेरॉक्ससारखा संशोधनाचा किरकोळ खर्च), प्रवास, कॉन्फरन्सची फी, हे आधी तुमच्या खिशातून जातं आणि मग बिलं लावून परत येतं. आलं तर. आर्ट्सवाल्यांना जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षं कंटिंजन्सी वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५००, सायन्सला १२,००० आणि २५,०००, म्हणजे फार नाहीच, पण तेवढेसुद्धा पूर्ण वापरणारे कमीच दिसतात कारण बिलांचा कंटाळा. (त्यातून टेबल-खुर्ची घेऊ नका. फर्निचर चालत नाही.)

दुसऱ्या वर्षी माझा पेपर हैदराबादच्या एका कॉन्फरन्सला घेतला. संस्थेकडे प्रवासासाठी मदत होती, मी अर्ज केला, गाईडची शिफारस, हेडची सही, फाईल पुढे गेली. गाईड म्हणाले होऊन जाईल, तू तिकीट काढून टाक. सेक्शनमधल्या मॅडमसुद्धा म्हणाल्या साहेबांनी हो म्हटलंय. विमानाचं भाडं रोज वाढत होतं, म्हणून मी १२ जानेवारीला दादाच्या कार्डावर तिकीट काढलं आणि त्याच रात्री रजिस्ट्रेशन फीही भरली. मंजुरीचं पत्र निघालं २९ जानेवारीला. मी गेले, पेपर वाचला, चारमिनारला फोटो काढले, परत आले, बिलं लावली. दीड महिन्याने फाईल परत आली आणि त्यावर एकच ओळ, 'खर्च मंजुरीपूर्व असल्याने अदा करता येत नाही.' १४,६०० रुपये. अर्ज खोटा नव्हता, बिलं खरी होती, पैसेही मंजूर झाले होते. फक्त तारीख उलटी होती.

हे नीट समजून घ्या कारण यात सगळेच अडकतात. तुमच्यासाठी 'मंजूर झालं' म्हणजे साहेबांनी मान डोलावली तो क्षण. अकाउंट सेक्शनसाठी 'मंजूर झालं' म्हणजे पत्रावर जावक क्रमांक पडला ती तारीख. या दोन्हींच्या मधे दोन दिवस असतील किंवा पाच आठवडे, कारण फाईल टेबलावरून टेबलावर जाते, कधी समितीची मीटिंग व्हायची असते, कधी सही करणारे परीक्षेच्या कामात असतात. आणि त्या मधल्या काळात तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया तुमचा स्वतःचा. तिकिटाची तारीख म्हणजे प्रवासाची तारीख नाही, तिकीट काढलं ती तारीख, हे मला माहीतच नव्हतं, मी आपली वाद घालत बसले की प्रवास तर फेब्रुवारीत केला ना. फीच्या पावतीचंही तेच, पैसे खात्यातून गेले तो दिवस धरतात. म्हणजे क्रम असा हवा: कॉन्फरन्सचं स्वीकृतीपत्र, मग तुमचा अर्ज, मग मंजुरीचं पत्र, मग तिकीट आणि फी, मग प्रवास, मग बिलं. यातली एक तारीख जरी पुढे-मागे झाली तरी ऑडिटवाला बरोबर तिथेच बोट ठेवतो, आणि उद्या ऑडिट ऑब्जेक्शन निघालं तर उत्तर क्लार्कला द्यावं लागतं, तुम्हाला नाही, म्हणून तो ऐकत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं, पण हे कळायला मला वर्ष लागलं, तोपर्यंत मी त्यांना मनात काय काय म्हटलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुणीतरी सांगेल की कार्योत्तर मंजुरी घेता येते. येते, म्हणजे शब्द अस्तित्वात आहे. खर्च आधी करून मागाहून मंजुरी मिळालेली मी मोठ्या लोकांना बघितली आहे, रिसर्च स्कॉलरला नाही. त्या भरवशावर जाऊ नका. आणि केंद्र सरकारच्या पैशातून विमानाने जाणार असाल तर तिकीट कुठून काढलं तेही बघतात, सरकारी नियमात त्यासाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी अशी तीनच ठिकाणं आहेत, तुमच्या ग्रँटला हा नियम लागतो का ते आधी विचारा. मोबाईलवरच्या अ‍ॅपवर ६०० रुपये वाचवले आणि सगळं बिल बुडालं असं झालेला मुलगा आमच्याच मजल्यावर बसतो. बोर्डिंग पास जपा, फोटोही काढून ठेवा. थर्मल पेपरवरच्या पावत्या सहा महिन्यांत कोऱ्या होतात, त्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. अर्ज दिला की पोचपावती घ्या, शिक्का आणि तारखेसकट, नुसतं 'ठेवून जा' म्हणाले तर ठेवून जाऊ नका, उभे राहा.

गाईडबद्दल एक बोलते, पटलं नाही तर सोडून द्या. मोठ्या नावाचा गाईड मिळाला म्हणून नाचणारी मुलं मला कळत नाहीत. नाव मोठं असेल तर माणूस सतत दौऱ्यावर असतो आणि तुमच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच्या विमानात जाते. सही वेळेवर करणारा, मेल वाचणारा, 'होऊन जाईल' न म्हणणारा गाईड शोधा. माझे गाईड माणूस म्हणून चांगले आहेत, थिसिसवर बारीक बघतात, पण पैशांच्या बाबतीत त्यांना कधी स्वतःच्या खिशातून घालून वाट बघावी लागलेली नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला त्या बाबतीत मी आता घेत नाही.

शॉर्टकटवाल्यांचे मेसेज तुम्हालाही येत असतीलच, दीड-दोन हजार भरा, आठ दिवसांत पेपर छापून देतो, 'केअर लिस्टेड'. अरे केअर लिस्ट, म्हणजे यूजीसीची मान्य जर्नलांची यादी, तीच यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, हे अजून तिच्या नावाने दुकान चालवतायत. शिवाय २०२२ च्या पीएचडी नियमांत थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही केंद्राची सक्ती राहिलेली नाही, आपल्या विद्यापीठाचं काय म्हणणं आहे ते तेवढं तपासा. तेच पैसे भरून वडापाव खा, खरंच. ऑनलाइन एफडीपीच्या (प्राध्यापकांसाठीच्या छोट्या प्रशिक्षणांच्या) सर्टिफिकेटांचंही तसंच, लॉकडाऊनमध्ये मी बावीस गोळा केली होती, आजपर्यंत एकानेही मागितलेली नाहीत. त्यापेक्षा आयसीएसएसआरच्या पैशातून ठिकठिकाणी दहा दिवसांचे रिसर्च मेथडॉलॉजीचे कोर्स होतात त्यातला एक नीट करा, राहणं-जेवण बहुतेक त्यांच्याकडे असतं आणि दुसऱ्या राज्यातली माणसं भेटतात, माझ्या सर्व्हेची प्रश्नावली अशाच एका कोर्समध्ये एका ओडिशाच्या मुलीने सुधारून दिली. आविष्कारला भाग घ्या, २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांची ती संशोधन स्पर्धा चालू आहे, बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांसमोर आपला विषय चार वाक्यांत सांगताना आपल्यालाच तो किती कळलाय ते कळतं. माझा तिथे पार बोऱ्या वाजला होता.

घाबरवतेय असं वाटत असेल तर तसं नाही. पैसे आहेत, आणि अर्ज करणारे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी असतात, अर्धे तर शेवटच्या दिवशी सर्व्हर बसला म्हणून गळतात. फक्त मार्चच्या भरवशावर राहू नका. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, अकाउंट सेक्शनमध्ये त्या महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, तुमची बिलं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आत गेली पाहिजेत.

माझी फाईल ज्यांनी परत पाठवली होती त्याच क्लार्क सरांकडे मी गेल्या वर्षी नवा अर्ज जमा करायच्या आधीच घेऊन गेले. लाज वाटत होती, पण गेले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, पेन्सिलने तीन ठिकाणी दुरुस्त केला, आणि म्हणाले, पत्र हातात येईपर्यंत तिकिटाचं पान उघडूसुद्धा नकोस. पत्र ४ डिसेंबरला आलं, ५ ला तिकीट काढलं, १,९०० रुपयांनी महाग पडलं. मेमध्ये सगळे जमा झाले, महाग पडलेले धरून.