कॉलेज अर्धवट सोडून एनबीए ड्राफ्टमध्ये उतरावे का? निर्णय कसा घ्यावा

मार्चअखेरीस अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम संपत आला, की एकोणीस-वीस वर्षांच्या अनेक खेळाडूंच्या घरी एकच विषय चघळला जातो: यंदाच एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ ज्यात दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीसाठी, नाव द्यायचे, की आणखी एक वर्ष कॉलेजात काढायचे. घरचे, मित्र आणि प्रशिक्षक "तू तयार आहेस का?" असे विचारत राहतात. माझ्या मते हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ कोणीच तयार नसतो आणि तरीही दरवर्षी त्या वयाच्या मुलांची निवड होतेच. उपयोगाचा प्रश्न असा, की आज नाव दिले तर आपण कोणत्या पायरीवर उतरू आणि त्या पायरीवर लेखी हमी किती आहे. पुढचे मार्गदर्शन याच प्रश्नाभोवती आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतील मुले आता शाळा-कॉलेजांच्या संघांतून खेळताना दिसतात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर ही वेळ येईल, पण आली तर पालकांना नियम आधीच ठाऊक असावेत.

आधी पात्रतेचे पाहू. केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट एनबीएत गेले होते, पण लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २००५ च्या सामूहिक करारानंतर तो रस्ता बंद झाला. २००६ च्या ड्राफ्टपासून त्या वर्षात खेळाडूला एकोणीस वर्षे पूर्ण होणे आणि अमेरिकेतील मुलाच्या बाबतीत त्याच्या शालेय वर्गाला बाहेर पडून निदान एक वर्ष झालेले असणे आवश्यक ठरले. त्यामुळे कॉलेजचे पहिले वर्ष संपणे ही सर्वांत लवकरची संधी ठरते. कॉलेजातील खेळण्याची मुदत संपलेला खेळाडू आपोआप पात्र होतो. त्याआधी जायचे असेल तर नाव लेखी द्यावे लागते आणि ठरलेल्या मुदतीत ते मागेही घेता येते. ही तळ्यात-मळ्यात करण्याची मुभा हे या प्रक्रियेतील खेळाडूच्या हातचे सर्वांत मोठे साधन आहे.

आता पायऱ्या. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत कागदावर साठ निवडी असतात. २०२५ मध्ये त्या ५९ झाल्या, कारण जेलन ब्रन्सन या खेळाडूशी मुदतीआधीच बोलणी केल्याबद्दल न्यूयॉर्क निक्सची दुसऱ्या फेरीतील एक निवड काढून घेण्यात आली होती. पहिल्या फेरीतील प्रत्येक क्रमांकाचा पगार तक्त्यात ठरलेला असतो. संघ त्याच्या ८० ते १२० टक्क्यांपर्यंत देऊ शकतो आणि व्यवहारात बहुतेकांना १२० टक्केच मिळतात. पहिली दोन वर्षे हमीची असतात, तर तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर असते. २०२५ मध्ये ड्यूक विद्यापीठातून एकाच वर्षानंतर बाहेर पडून पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या कूपर फ्लॅगला पहिल्या हंगामासाठी साधारण १ कोटी ३८ लाख डॉलर मिळाले, आणि त्याच तक्त्यात तिसाव्या क्रमांकाला साधारण २७ लाख डॉलर होते.

एकतिसाव्या क्रमांकापासून तक्ता संपतो आणि घासाघीस सुरू होते. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला निवडलेल्यांनाही अलीकडे काही वर्षांची हमी मिळते, पण ती नियमाने नव्हे तर वाटाघाटीने. त्याखाली 'टू-वे' करार येतो, म्हणजे मुख्य संघ आणि विकास-लीगमधला संघ अशा दोन्हीकडे खेळण्याचा करार. प्रत्येक संघाकडे असे तीन करार असतात, खेळाडू मुख्य संघासोबत जास्तीत जास्त पन्नास सामन्यांत असू शकतो आणि २०२४-२५ मध्ये त्याचा पगार ५ लाख ७८ हजार डॉलरच्या आसपास होता. अगदी खाली जी-लीगचा, म्हणजे एनबीएच्या विकास-लीगचा, साधा करार असतो, आणि त्याच हंगामात तो ४३ हजार डॉलरचा होता. म्हणजे तीस आणि एकतीस हे शेजारचे आकडे असले तरी त्यांच्यामधून एक भिंत जाते, आणि निर्णयाचा बराचसा भाग आपण त्या भिंतीच्या कोणत्या बाजूला पडू याचा प्रामाणिक अंदाज बांधण्याचाच असतो.

हा अंदाज कोणाकडून घ्यावा? इंटरनेटवरच्या संभाव्य याद्यांवर, आणि सामना पाहून फोन करणाऱ्या दूरच्या काकांवर तर नाहीच, विसंबू नये. एनबीएची एक सल्लागार समिती असून तिच्यात संघांचे वरिष्ठ अधिकारी असतात. कॉलेजच्या मार्फत विनंती केल्यास ती समिती आपण पहिल्या चौदांत, पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत की यादीबाहेर आहोत, असे मत कळवते. हे मत म्हणजे आश्वासन नव्हे, पण ते देणाऱ्यांचा तुम्हाला खूश करण्यात काही स्वार्थ नसतो, आणि हीच त्याची किंमत आहे. दुसरा मार्ग संघांच्या खासगी चाचण्यांचा. तिथून परतताना "कसे वाटले?" असे मोघम विचारू नये. "माझ्या खेळातली कोणती गोष्ट पाहून तुम्ही मला तीसच्या आत घेणार नाही?" असे विचारावे. चार संघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच उणीव सांगितली, उदाहरणार्थ तीन गुणांच्या रेषेबाहेरून अचूकता नाही किंवा बचावात पाय मंद पडतात, तर ती उणीव खरी आहे आणि ती एका वर्षात दूर होण्याजोगी आहे का, हाच पुढचा प्रश्न.

मे महिन्यात शिकागोला निवडक खेळाडूंची सामूहिक चाचणी होते. तिथे काय होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. बूट काढून उंची मोजतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, उभ्याने हात वर करून पोहोच, तळव्याची लांबी आणि रुंदीही मोजतात. मग उडी, धाव आणि दिशा बदलण्याचा वेग. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या उंचीला इथे काहीच अर्थ नसतो. २०२४ मध्ये लेब्रॉनचा मुलगा ब्रॉनी, ज्याची कॉलेजातली नोंद सहा फूट चार इंच होती, तो इथे सहा फूट दीड इंच भरला. तरीही त्या वर्षी वडिलांच्याच संघाने त्याला ५५व्या क्रमांकावर घेतले, पण तुमचे वडील लेब्रॉन नसतील तर हे उदाहरण पुढे न केलेलेच बरे. वैद्यकीय तपासणीही याच काळात होते, आणि घरी बसून ठरवलेले सर्व हिशेब तिथे कोलमडू शकतात.

अंदाज हाती आले, की एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन आकडे लिहावेत: सर्वांत चांगल्या परिस्थितीत कोणता क्रमांक, बहुधा कोणता, आणि सर्वांत वाईट परिस्थितीत कोणता. प्रत्येकासमोर हमीची रक्कम लिहावी, आश्वासनाची नव्हे. समजा, हे आकडे वीस, अडतीस आणि निवडच नाही असे आले. घरातले सगळे विसाकडे पाहून बोलतील, पण निर्णय अडतीसवर घ्यावा आणि तिसरी शक्यता सोसता येईल का, हे तपासावे. त्याच कागदावर कॉलेजात राहिल्यास मिळणारी रक्कम लिहावी, कारण हा रकाना आता रिकामा राहिलेला नाही.

खरा बदल इथेच झाला आहे. जुलै २०२१ पासून कॉलेजचा खेळाडू स्वतःचे नाव आणि छबी वापरू देऊन पैसे कमावू शकतो, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. परिणाम उघड आहे: २०२१ मध्ये ३५३ खेळाडूंनी मुदतीआधी नाव दिले होते, २०२५ मध्ये फक्त १०६. पूर्वी 'घरची परिस्थिती बेताची आहे, म्हणून जावेच लागेल' हे कारण खरे असे. आता दुसऱ्या फेरीच्या उंबरठ्यावरच्या चांगल्या खेळाडूला कॉलेजातच टू-वे करारापेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. २०२५ च्या वसंतात यॅक्सेल लेंडेबोर्गचे नाव पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात घेतले जात होते. त्याने शिकागोला चाचणी दिली, शेवटी नाव मागे घेतले आणि मिशिगन विद्यापीठात गेला. त्याच वर्षी सेंट जॉन्सचा आरजे लुईस, जो आपल्या स्पर्धाविभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, ड्राफ्टमध्ये राहिला, निवडला गेला नाही आणि त्याला टू-वे करारावर युटा जॅझकडे जावे लागले. लुईस चुकला असे मी म्हणणार नाही. पण हातचे सोडताना पळत्यावर हमी नव्हती, एवढे निश्चित.

परदेशी विद्यार्थ्यांनी इथे थांबावे. एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याच्या कमाईवर निर्बंध असतात, आणि नाव-छबीच्या पैशाला हे निर्बंध कसे लागू होतात हा वकिलाला विचारण्याचा विषय आहे, संघमित्राला नव्हे. पर्ड्यूचा झॅक एडी, जो कॅनडाचा आहे, त्यालाही ही अडचण आली होती. तरी २०२३ मध्ये त्याने मुदतीच्या शेवटच्या दिवशी नाव मागे घेतले, सलग दुसऱ्यांदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला. डेटनचा ओबी टॉपिनही २०१९ मध्ये अंदाज घेऊन परतला आणि पुढच्या वर्षी आठवा आला.

मात्र थांबणे म्हणजे फुकटची वाढ नव्हे. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ मध्ये पहिल्या काही जणांत गेला असता. तो थांबला, पाठीचे दुखणे पुढे आले आणि २०१२ मध्ये २१व्या क्रमांकावर घसरला. कॅलिफोर्निया-बर्कलीचा इव्हान रॅब २०१६ मध्ये थांबला आणि २०१७ मध्ये दुसऱ्या फेरीत, ३५व्या क्रमांकावर गेला. संघ वयाला किंमत देतात: एकोणीस वर्षांच्या मुलाची उणीव त्यांना वाढीची जागा वाटते, बावीस वर्षांच्या मुलाची तीच उणीव त्याचा स्वभाव वाटू लागते. शिवाय खरा मोठा पैसा पहिल्या करारात नसून दुसऱ्या-तिसऱ्या करारात असतो, आणि एकोणिसाव्या वर्षी गेलेल्याला दुसरा करार तेविसाव्या वर्षी खुणावतो, तर बाविसाव्या वर्षी गेलेल्याला सव्विसाव्या. म्हणून समितीचे उत्तर पहिल्या चौदांचे असेल, तर माझे मत सरळ आहे: जावे. पंधरा ते तीसमध्ये दुखापतीचा इतिहास, संघातली पुढच्या वर्षीची जागा आणि कॉलेजची रक्कम हे तिन्ही तोलावे. क्रमांक तीसच्या पुढचा, आणि वय वीसच्या आसपास असेल, तर बहुधा थांबावे. पण पुढच्या वर्षी खेळातले नेमके काय बदलायचे, हे ठरवूनच. डेव्हिडसन कॉलेजचा स्टीफन करी २००८ च्या गाजलेल्या हंगामानंतर चेंडू हाताळणारा खेळाडू म्हणून स्वतःला घडवण्यासाठी परतला आणि २००९ मध्ये सातवा निवडला गेला. हेतू असलेले वर्ष आणि नुसते पुढे ढकललेले वर्ष यांत हा फरक असतो.

भारतीय वंशाच्या वाचकांना सिम भुल्लर आठवत असेल. टोरोंटोत वाढलेला, पंजाबी घरातला, सात फूट पाच इंचांचा हा खेळाडू न्यू मेक्सिको स्टेटमधून २०१४ मध्ये लवकर बाहेर पडला आणि ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीच्या सॅक्रामेंटो किंग्जने त्याला करारावर घेतले, सोडले, त्यांच्या विकास-लीगच्या संघात खेळवले आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा दिवसांच्या करारावर मुख्य संघात आणले. तो एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. तीन सामन्यांत मिळून त्याच्या वाट्याला सुमारे तीन मिनिटे आली. पुढची कारकीर्द त्याने बरीचशी तैवानमध्ये घडवली. निवड न झालेल्यांचा रस्ता असाच वळणावळणाचा असतो, आणि तो मान्य असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही.

एजंट नेमताना एनबीएच्या करारावरील त्याचे शुल्क जास्तीत जास्त चार टक्के असते हे लक्षात ठेवावे, आणि कॉलेजात परतण्याची शक्यता असेल तर एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, मान्यता दिलेलाच एजंट निवडून परतताना त्याच्याशी केलेला करार संपवावा. पगाराच्या आकड्यातून केंद्राचा कर, जो वरच्या टप्प्यात ३७ टक्के असतो, आणि राज्याचा कर वजा करूनच तुलना करावी. कॅलिफोर्नियातला डॉलर आणि टेक्सासमधला डॉलर हातात पडताना सारखे नसतात.

तारखांचा गोंधळ मात्र सर्वांत महाग पडतो. एनबीएची नाव मागे घेण्याची मुदत वेगळी आणि एनसीएएची वेगळी. कॉलेजात परतायचे असेल तर आधी येणारी एनसीएएचीच मुदत पाळावी लागते. २०२५ मध्ये ती २८ मे होती, तर एनबीएची १५ जून. त्यातच दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची खिडकी त्या वर्षी २२ एप्रिललाच बंद झाली होती, त्यामुळे जागा बदलण्याचा विचार असलेल्यांना दोन्हीकडे आधीच नाव द्यावे लागले. माघारीचे पत्र शेवटच्या रात्री न पाठवता दोन दिवस आधी पाठवावे आणि पोच मिळाल्याची लेखी नोंद ठेवावी.

जायचेच ठरले, तर निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन पदवीचे उरलेले श्रेयांक किती, ते लिहून घ्यावे. शिष्यवृत्तीवर निदान दोन वर्षे काढून गेलेला बास्केटबॉल खेळाडू दहा वर्षांच्या आत त्याच विद्यापीठात परतला, तर पहिल्या पदवीसाठी त्याची फी आणि पुस्तके विद्यापीठाने द्यावीत, असा पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी नियम झाला आहे. एकाच वर्षानंतर निघणाऱ्याला तो लागू होत नाही. त्याने ही सोय विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे मागावी, आणि तीही ड्राफ्टच्या आधी, कारण त्यानंतर त्याचा फोन उचलण्याची कोणालाच घाई नसते.