स्लाइड अडकली की आधी कान लावा

भोसरीत माझं हायड्रॉलिक दुरुस्तीचं दुकान आहे. टिपर, टेल-लिफ्ट, प्रेसचे पॉवर पॅक हे आमचं रोजचं दळण. मोटरहोमच्या, म्हणजे आत घर असलेल्या गाडीच्या, वाटेला मी कधी गेलो नसतो. पण कोथरूडच्या एका काकांनी फंडाच्या पैशांतून बसच्या चासीवर गाडी बांधून घेतली. बटण दाबलं की तिची एका बाजूची खोली पलंगासकट भिंतीतून ६० सेंटीमीटर बाहेर सरकते. यालाच स्लाइड-आउट म्हणतात. काकू मात्र ‘ड्रॉवर’ म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त पटतो. ड्रॉवरला जे जे रोग होतात ते सगळे हिलाही होतात: वाकडी सरकते, मध्ये काहीतरी अडकतं, ओलीने फुगते.

आतला मामला टिपरसारखाच. बॅटरीवर चालणारी मोटर, तिला जोडलेला पंप, तेलाची टाकी, दिशा ठरवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि दोन सिलेंडर. एकच मोठा फरक आहे. टिपरचा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो, हा १२ व्होल्टवर. आणि बहुतेक दुखणी तिथेच असतात.

मागच्या आषाढात रात्री नऊला काकांचा फोन आला. गाडी मुळशीच्या पुढे, पाऊस धो धो, ड्रॉवर बाहेर. “संध्याकाळी छान बाहेर गेला रे, आता आत येईना. कण्हतो आणि थांबतो. तेल संपलं असेल का?” मी म्हटलं, काका, तेलाला हात लावू नका, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करा, दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि मग इंजिन चालू असतानाच बटण दाबा. ड्रॉवर कुंथत कुंथत आत आला. दुसऱ्या दिवशी गाडी दुकानात.

बाहेर जाते पण आत येत नाही, याचा लोकांना फार अचंबा वाटतो. हिशेब साधा आहे. काकांच्या सिलेंडरचा आतला व्यास ४० मिलीमीटर आणि रॉड २५ मिलीमीटर. बाहेर ढकलताना तेलाला पिस्टनचं अख्खं तोंड मिळतं, साडेबारा चौरस सेंटीमीटर. आत ओढताना मधली जागा रॉडने खाल्लेली असते, उरतात साधारण साडेसात. १०० बार दाब धरला तर एक सिलेंडर ढकलतो जवळपास १,२८० किलोने, पण ओढतो ७८० किलोनेच. त्यात गाडी ड्रॉवरच्या बाजूला कललेली असेल तर आत येणं म्हणजे चढ. बॅटरी किंवा वायरिंग थोडं जरी ढिलं असलं तरी ते सगळ्यात आधी आत येतानाच कळणार. (त्याच कारणाने निरोगी स्लाइड बाहेर जायला जास्त वेळ घेते आणि आत लवकर येते. काकांची बाहेर २८ सेकंदांत, आत १७ सेकंदांत. तो बिघाड नव्हे.)

आता तुमच्या स्लाइडकडे वळू. पाना काढायच्या आधी एकाला बटणावर उभा करा आणि तुम्ही पंपाच्या कप्प्याशी कान लावा. स्लाइडच्या वाटेत आत-बाहेर कुणी नाही ना, हे आधी बघा. लहान मुलं आणि कुत्री यांना पलंगामागची फट फार आवडते.

काहीच आवाज आला नाही तर हायड्रॉलिकचा विचारही करू नका. बॅटरीचा मेन स्विच, मोठा फ्यूज, बटणाची वायर, आणि हँडब्रेक. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक ओढल्याशिवाय स्लाइड चालू नये अशी जोडणी असते, आणि हँडब्रेकचा तो छोटा स्विच धुळीने बसतो. फक्त ‘टक’ आवाज आला आणि मोटर फिरली नाही, तर रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला करंट जोडणारा जाड स्विच, उचलतोय पण पुढे करंट देत नाही. त्याच्या दोन जाड बोल्टांवर मीटर धरून बटण दाबा. ‘टक’ झाल्यावरही दोघांमध्ये १२ व्होल्ट दिसत असतील तर आतले पॉइंट जळालेत. रिले बदला, कानशीने घासत बसू नका, आठवड्यात पुन्हा तेच होतं.

मोटर कण्हत थांबली, म्हणजे काकांची केस. इथे जरा वेळ काढतो, कारण लोक नेमके इथेच चुकतात. बॅटरीवर मीटर लावतात, १२.६ दिसतं, “बॅटरी टकाटक आहे” म्हणतात आणि पंप उघडायला घेतात. अहो, मोटर बंद असताना मोजून काय उपयोग? नळ बंद असताना टाकी भरलेलीच दिसते. बटण दाबून धरा आणि तेव्हा मोजा. काकांच्या गाडीत मोटर चालू असताना बॅटरीवर ११.९ होते, आणि मोटरच्या टर्मिनलवर ९.३. म्हणजे मधल्या वाटेत २.६ व्होल्ट कुणीतरी खात होतं.

चोर पकडायची पद्धत अशी. मीटरचा लाल प्रोब मोटरच्या अंगाला, जिथे रंग नाही अशा जागी. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, क्लॅम्पला नव्हे, खांबालाच. बटण दाबा. इथे पाव व्होल्टच्या आसपास यायला हवं. काकांच्या गाडीत आले २.१. मोटर ९० अँपिअर ओढत होती. गुणाकार करा, जवळजवळ १९० वॉट नुसते अर्थच्या, म्हणजे चासीवरून निगेटिव्हला परत जाणाऱ्या वाटेच्या, जोडावर जळत होते. हात लावला तर बोल्ट पोळत होता.

तो बोल्ट खोलला तेव्हा सगळं उघड झालं. बांधणाऱ्याने चासीवर काळा रंग मारून घेतला होता आणि रंगावरच लग (केबलच्या टोकाचा भोकाचा तुकडा) कसला होता. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. त्या आट्यांत पावसाचं पाणी शिरून गंज धरला होता, आणि लगच्या पोटात हिरवट पांढरी भुकटी. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा उघडी केली, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत, नवा लग, दात्यांचा वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. शिवाय मोटरच्या अंगापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ५० स्क्वेअर मिलीमीटरची वेगळी केबल टाकली. चासीच्या भरवशावर राहणं मला आवडत नाही. नंतर मोटरवर ११.३ मिळाले आणि ड्रॉवर १७ सेकंदांत आत. तेलाच्या टाकीचं झाकणही उघडलं नव्हतं.

मीटर तपकीर गल्लीत मिळतो तो साधा चालेल. अँपिअर बघायला क्लॅम्प मीटर घेणार असाल तर तो डीसी मोजतो ना, हे विचारून घ्या. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. मग माणूस मोटरच मेली समजतो.

मोटर मजेत, हलकी फिरते आणि स्लाइड ढिम्म, हा प्रकार वेगळा. म्हणजे पंपावर भारच येत नाही. मोटर आणि पंप यांच्यामधलं कपलिंग तुटलं असेल, किंवा तेल सिलेंडरकडे न जाता परत टाकीत पडत असेल. यात मी व्हॉल्व्हची कॉइल आधी बघतो, कारण ती बघायला काहीच खोलावं लागत नाही. कॉइलच्या नटाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा आणि दुसऱ्याला बटण दाबू द्या. लोहचुंबकासारखं ओढलं तर कॉइल जिवंत. नाही ओढलं तर सॉकेट काढून कॉइलचे ओहम मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ७-८ ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. बरोबर दाखवत असेल तर वायर बघा. पुण्यात पार्किंगला उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर आवडीने खातात.

कॉइल ठीक असूनही हलत नसेल तर व्हॉल्व्हच्या टोकाला मध्यभागी एक पिन असते. मोटर चालू असताना बारीक ॲलन कीने ती आत दाबा. स्लाइड हलली तर दोष विजेचा. नाही हलली तर स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, अडकला असेल, किंवा जादा दाब टाकीत सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा बसून तो उघडा राहिला असेल. स्पूल काढलाच तर स्वच्छ तेलात धुवा. पॉलिश पेपर नाही, आणि वेस्टेजचं सुती कापड तर अजिबात नाही, त्याचा एक धागा पुरतो. रिलीफचा स्क्रू पिळून दाब ‘वाढवायचा’ मोहही नको. स्लाइड कशाला अडकली असेल तर वाढलेला दाब लोखंडच वाकवतो.

चिरका, खडे दळल्यासारखा आवाज म्हणजे पंपाला तेल पुरत नाही. लेव्हल कमी असेल किंवा टाकीतली जाळी तुंबली असेल. तेलाची लेव्हल सगळ्या स्लाइड पूर्ण आत असतानाच बघायची. हे मी ठळक अक्षरांत सांगतो, कारण शेण मी स्वतः खाल्लंय. पहिल्याच वर्षी घाईत, ड्रॉवर बाहेर असताना टाकी गळ्यापर्यंत भरली. बाहेर असताना सिलेंडरांत तेल जास्त असतं. आत येताना रॉड सिलेंडरात शिरतात आणि तेवढी जागा तेलाला सोडावी लागते. काकांच्या दोन रॉडचं हे माप ५९० मिलीच्या आसपास येतं. ते सगळं ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडातून, बाहेर आलं, खालच्या कप्प्यात उतरलं आणि तिथे काकूंची आंबेमोहोरची दहा किलोची पिशवी होती. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही.

तेल कोणतं, तर बांधणाऱ्याने जे सांगितलंय तेच. परदेशी पंपांत बऱ्याचदा गिअरबॉक्सचं लाल एटीएफ असतं, आपल्याकडे बांधलेल्या गाड्यांत सहसा ३२ किंवा ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल. मिसळू नका. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढा. ब्रीदर उघड्यावर असेल तर गाडी धुताना प्रेशरचा फवारा तिथे मारू नका.

गळती शोधताना पाइपावरून बोट फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखाली सुटलेलं तेल कातडीतून आत शिरतं. वर नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सडायला लागतो. पुठ्ठा धरा, त्यावर डाग उमटेल. आणि चुकून लागलंच तर दुखण्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल, आणि तिथे ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे शब्द वापरून सांगा.

एक कोपरा आत आणि दुसरा बाहेर राहिला तर बटण ताबडतोब सोडा. जोर लावलात तर रॅकचे, म्हणजे स्लाइडखालच्या दातेरी पट्टीचे, दात जातील. शिडी लावून आधी स्लाइडच्या टपावर चढून बघा. काकांची गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. वाळलेली शेंग टपावरून थेट रबराखाली जाते, आणि ती लाकडापेक्षा कमी नाही. खडी, चप्पल, एकदा तर पोळपाट. वर काही नसेल तर खाली रॅक-पिनियन आणि शाफ्टची पिन बघा. रबराला ग्रीस लावू नका, धूळ धरून ते वाळूच्या कागदासारखं होतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीत एकदा.

चालत्या गाडीत स्लाइड बोटभर बाहेर येते, अशी तक्रार खंबाटकी घाट उतरून आल्यावर हमखास येते. धरून ठेवणारा चेक व्हॉल्व्ह गळतोय किंवा सिलेंडरचं पिस्टन सील गेलंय. कोणतं, ते असं कळतं: स्लाइड पूर्ण आत, मोटर बंद, व्हॉल्व्हच्या पिना दाबून दोन्ही बाजूंचा दाब सोडा. मग सिलेंडरच्या मागच्या तोंडाचा, म्हणजे ढकलणाऱ्या बाजूचा होस खोला. होसच्या टोकाला प्लग मारा, सिलेंडरच्या उघड्या तोंडाखाली बादली ठेवा आणि लांब उभं राहून ‘आत’चं बटण दाबा. उघड्या तोंडातून तेल येतच राहिलं तर सील गेलं. दोन-चार थेंबांनंतर थांबलं तर व्हॉल्व्हकडे जा. सील बदलल्यावर एअर काढायची वेगळी विद्या नाही. स्लाइड चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा, दर वेळी आत आल्यावर लेव्हल बघा. झटके बंद झाले की एअर गेली. तोवर ट्रान्झिट लॉक, म्हणजे प्रवासात स्लाइड आत धरून ठेवणारी कडी, लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि खरं तर नंतरही नाही.

सगळं करूनही रानात अडकलात तर? काही पंपांच्या मोटरला मागे षटकोनी टोक असतं, ड्रिल लावून ते फिरवता येतं. ते कुठे आहे, हे घरी उजेडात शोधून ठेवा. काकांच्या पंपाला तसं नव्हतं, म्हणून मी टिपरसारखा हातपंप बसवून दिला. ड्रॉवर आत यायला दोनशे-सव्वादोनशे हापसे लागतात. काकांनी कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय: ‘बॅटरी ११.९, मोटर ११.३, बाहेर २८, आत १७.’ त्याखाली काकूंच्या अक्षरात: ‘तांदूळ इथे ठेवू नये.’