पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे मांडावे

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कसा होता?’ आणि उत्तरेही बहुधा ठरलेलीच असतात: ‘छान आहे’, ‘ठीक आहे’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’, ‘वेळ वाया गेला’. या उत्तरांत खोटे काही नसते, परंतु विचारणाऱ्याच्या हाती त्यांतून काहीच लागत नाही. आपले दोन-अडीच तास त्या चित्रपटाला द्यावेत की नाही हे त्याला ठरवायचे असते, आणि त्याची आवड आपल्यासारखीच असेल याची खात्री नसते. म्हणून मत मांडताना मी एक कसोटी लावतो: ज्याची आवड माझ्या अगदी उलट आहे, त्यालाही माझ्या बोलण्यावरून स्वतःपुरता निर्णय घेता यावा. एखादा चित्रपट मला संथपणामुळे आवडला नाही, पण तो कुठे आणि कशामुळे संथ आहे हे मी नीट सांगितले, तर दुसऱ्या एखाद्याला तो नेमका त्यासाठीच पाहावासा वाटेल. असे मत देण्यासाठी समीक्षक असावे लागत नाही. काही सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात.

आधी स्वतःचे टिपण

चित्रपट संपल्यावर तासाभराच्या आत, दुसऱ्या कोणाचेही मत वाचण्यापूर्वी किंवा ऐकण्यापूर्वी, चार-पाच ओळींचे टिपण करून ठेवावे. त्यात कथानक लिहीत बसू नये. कोणता प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही, लक्ष नेमके कुठे उडाले आणि शेवटी मनात काय उरले, एवढेच लिहावे. यांपैकी दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि तीच सर्वांत उपयोगी असते. हात फोनकडे गेला, घड्याळ पाहिले, शेजारच्याशी कुजबुजलो, ही लक्ष उडाल्याची लक्षणे आहेत. ती कोणत्या प्रसंगी दिसली हे लिहून ठेवले की पुढे कारण शोधणे सोपे जाते.

इतरांचे मत नंतर वाचावे असे मी आग्रहाने सांगतो, कारण दुसऱ्याचे एखादे चपखल वाक्य वाचले की ते आपल्याच मनात आले होते असे वाटू लागते आणि आपला मूळ अनुभव त्याखाली बुजून जातो. टिपण लगेच करावे, पण मत लगेच जाहीर करू नये. शक्य असल्यास एक रात्र जाऊ द्यावी. शेवटची वीस मिनिटे दिमाखदार असली की आधीचा पोकळ तासभर माफ होतो, आणि शेवट फसला की आधीचे सुंदर प्रसंगही डागाळतात. दुसऱ्या दिवशी ही बाजू बरीच सावरलेली असते.

कुठे आणि कसा पाहिला, हे सांगावे

हा भाग बहुतेक जण गाळतात. चित्रपटगृहात पाहिलेला चित्रपट आणि घरी पाहिलेला तोच चित्रपट यांत इतका फरक पडू शकतो की कधी कधी आपण चित्रपटाला दोष देतो आणि तो दोष प्रत्यक्षात आपल्या टीव्हीचा असतो.

चित्राचे उदाहरण घ्यावे. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या गतीने चित्रित केलेले असतात. अनेक नवे टीव्ही मात्र हालचाल अधिक गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालतात. ही सोय बऱ्याचदा टीव्ही घरी येतो तेव्हापासूनच चालू असते, आणि तिच्यामुळे अतिशय काळजीने चित्रित केलेला प्रसंगही रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. ‘छायाचित्रण मालिकेसारखे वाटले’ असे लिहिण्यापूर्वी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करावी आणि पाच-दहा मिनिटे पुन्हा पाहावीत. पडद्याच्या वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांबद्दलही असाच गैरसमज असतो. चित्राची रुंदी उंचीच्या २.३९ पट असेल आणि टीव्हीची सुमारे १.७८ पट, तर पट्टे येणारच. ते घालवण्यासाठी चित्र मोठे केले की दोन्ही कडा कापल्या जातात, आणि दिग्दर्शकाने मुद्दाम टोकाला उभे केलेले पात्र आपल्याला दिसतच नाही.

ध्वनीच्या बाबतीत घोटाळा आणखी मोठा होतो. चित्रपटगृहासाठी आवाज अनेक वाहिन्यांत, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांसाठीच्या स्वतंत्र प्रवाहांत, विभागलेला असतो, ५.१ या परिचित रचनेत पाच मुख्य वाहिन्या आणि खोल, घुमणाऱ्या आवाजांसाठी एक वेगळी वाहिनी असते, आणि संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीतून येतात. हे सगळे टीव्हीच्या दोन लहान स्पीकरांत कोंबले गेले की माणसे पुटपुटतात असे वाटते आणि लगेच पुढच्या प्रसंगात कानठळ्या बसतात. म्हणून संवाद ऐकू न आल्याची तक्रार करताना तो चित्रपट कशावर ऐकला, हे त्याच वाक्यात सांगावे. एकदा हेडफोन लावून पडताळून पाहिले तर अधिक चांगले.

भाषेचेही सांगावे. भाषांतरित आवाजात पाहिला असेल तर पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असतो, त्यामुळे ‘अभिनय कृत्रिम वाटला’ हा शेरा नेमका कोणावर आहे ते वाचणाऱ्याला कळायला हवे. सबटायटल्ससह पाहिला असेल तर नजर बराच वेळ खालच्या ओळींवर असते आणि चेहऱ्यावरची बारीक हालचाल निसटू शकते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: भरलेल्या चित्रपटगृहात शेजारची माणसे हसतात म्हणून आपणही जास्त हसतो, आणि तोच विनोद घरी एकट्याने पाहिला तर बेताचा वाटतो.

एकदा मी एक चित्रपट तीन रात्रींत, झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास असा तुकड्या-तुकड्यांनी पाहिला आणि ‘फार विस्कळीत आहे’ असे एका मित्राला ठामपणे सांगितले. वर्षभराने तो सलग पाहण्याचा योग आला, तेव्हा सुरुवातीला सहज दिसणारी एक वस्तू शेवटच्या प्रसंगात परत येते आणि सगळ्या कथेला अर्थ देते, हे माझ्या ध्यानात आले. विस्कळीतपणा माझ्या पाहण्यात होता, आणि माझ्या शब्दावर विसंबून मित्राने तो चित्रपट पाहिला नव्हता. तेव्हापासून ‘घरी पाहिला, सलग नाही’ असे मी पहिल्याच ओळीत सांगतो.

कथा किती सांगावी

साधारणपणे पहिल्या पाव भागात जे उघड होते तेवढेच सांगावे: माणसे कोण, कुठे आहेत आणि कोणत्या अडचणीत सापडली आहेत. त्यापुढचे सांगणे अगदी अपरिहार्य असेल तर ‘पुढे कथेतील रहस्य उघड केले आहे’ अशी ओळ ठळकपणे लिहून, मध्ये जागा सोडून मग सांगावे. प्रत्यक्ष बोलताना ‘तू पाहणार आहेस का?’ हा प्रश्न आधी विचारावा. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ १९६० साली प्रदर्शित झाला, तेव्हा खेळ सुरू झाल्यानंतर कोणालाही आत सोडू नये असा नियम चित्रपटगृहांना घालून देण्यात आला होता आणि शेवट कोणाला सांगू नये अशी विनंती प्रेक्षकांना करण्यात आली होती. प्रेक्षकाला एखादी गोष्ट कधी कळते, यावर त्या अनुभवाचे किती अवलंबून असते, हे त्यावरून लक्षात येईल.

एक चूक अगदी सद्भावनेने केली जाते. ‘मी काही सांगत नाही, पण शेवटी जबरदस्त धक्का आहे’ असे म्हणणारा माणूस काही न सांगताही बरेच सांगून जातो. त्यानंतर पाहणारा प्रत्येक पात्राकडे संशयाने पाहू लागतो आणि धक्का बसण्याऐवजी त्याची वाट पाहत बसतो. अशा वेळी ‘कथा चांगली बांधली आहे, शेवटपर्यंत पाहा’ एवढे पुरे.

विशेषणापासून कारणापर्यंत

मताचा खरा कस इथे लागतो. टिपणातले प्रत्येक विशेषण घ्यावे आणि त्याला ‘कशावरून?’ असे विचारावे. ‘पार्श्वसंगीत भडक होते’ हे विशेषण झाले. ‘दुःखाचा एकही प्रसंग संगीताशिवाय सोडलेला नाही, त्यामुळे काय वाटायला हवे हे आपल्याला आधीच सांगितले जाते’ असे म्हटले की त्यात कारण आले, आणि ज्याला असे भरभरून संगीत आवडते त्यालाही त्याच्या उपयोगाची माहिती मिळाली. ‘कंटाळवाणा’ या शब्दामागे तर चार वेगवेगळी कारणे असू शकतात: प्रसंग लांबले, पात्राला काय हवे आहे तेच कळले नाही, एकच माहिती दोनदा दिली गेली, किंवा पुढे काय होणार ते आधीच ओळखता आले. यांपैकी आपल्या बाबतीत कोणते खरे होते ते शोधावे आणि एका प्रसंगाचा दाखला द्यावा. एक नेमका दाखला दहा विशेषणांपेक्षा जास्त काम करतो.

श्रेय आणि दोष योग्य ठिकाणी द्यावेत, हे त्याहून अवघड आहे. चित्रपटात अभिनय हा एकट्या नटाचा नसतो. १९२०च्या आसपास रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी पाळीपाळीने सूपाचा वाडगा, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या दृश्यांना जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि आसक्ती दिसली, असे सांगितले जाते. म्हणजे आपण ज्याला ‘डोळ्यांतला अभिनय’ म्हणून दाद देतो, त्यातला मोठा वाटा संकलकाचा असू शकतो. त्याचप्रमाणे एखादा चांगला नट अवघडलेला दिसला तर त्याच्या तोंडी दिलेले वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. ते कोणाच्याच तोंडी शोभत नसेल तर तक्रार संवादलेखनाची आहे. खात्री नसेल तेव्हा ‘हा प्रसंग जमला नाही’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरते.

चित्रपटाला जे करायचेच नव्हते ते त्याच्याकडे मागू नये. हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटात सामाजिक विश्लेषण नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. त्यात हसू आले नाही, ही होऊ शकते. कादंबरीवरून केलेल्या चित्रपटात काय गाळले याची यादी देण्याऐवजी, उरलेली कथा स्वतःच्या पायांवर उभी राहते का ते पाहावे.

गुण आणि तारे

गुण द्यायचेच असतील तर ते शेवटी द्यावेत आणि आपल्या मोजपट्टीचा अर्थ सांगावा, कारण एकाचे पाचपैकी तीन म्हणजे शिफारस असते आणि दुसऱ्याचे तीन म्हणजे नकार. संकेतस्थळांवरील आकडे पुरावा म्हणून वापरताना ते कसे काढले जातात हे ठाऊक असावे. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरील समीक्षकांची टक्केवारी ही एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल आहेत, एवढेच सांगते, ती सरासरी गुणांची टक्केवारी नव्हे. दहाच्या दहा समीक्षकांनी ‘बरा आहे’ असे म्हटले तरी आकडा शंभर टक्के दिसेल, आणि सहा जण भारावून गेले व चौघांना अजिबात आवडला नाही तर तो साठच दिसेल. दुसरा चित्रपट कदाचित अधिक पाहण्यासारखा असेल.

समोरच्याशी बोलताना

काही गोष्टी आवडीनिवडीच्या पलीकडच्या असतात आणि त्या आधी सांगाव्यात: रक्तपात, लैंगिक अत्याचार, लहान मुलांना घाबरवतील असे प्रसंग, आणि झपाट्याने लुकलुकणारा प्रकाश, कारण काही व्यक्तींना अशा प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

मतभेद झाला तर आधी दोघांनी एकाच प्रसंगाबद्दल बोलण्याचे ठरवावे. ‘तुला तो आवडलाच कसा?’ या प्रश्नाने समोरचा बचावाला उभा राहतो. ‘स्टेशनवरच्या निरोपाच्या वेळी तुला काय वाटले?’ असे विचारले की तो आठवून बोलू लागतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला न दिसलेले काहीतरी त्याच्याकडून कळते. ज्यांना चित्रपट आवडला त्यांच्या बुद्धीवर किंवा अभिरुचीवर शेरे मारू नयेत, आणि कलावंतांच्या रूपावर तर मुळीच नाही.

मत बदलले तर जुने मत पुसून टाकू नये. त्याखाली तारीख घालून काय बदलले ते लिहावे: मोठ्या पडद्यावर पाहिला, मूळ भाषेत पाहिला, मध्ये दहा वर्षे गेली, अथवा कोणी दाखवून दिलेला एखादा दुवा आधी निसटला होता. आणि आपल्या पहिल्या मतावरून कोणी तो चित्रपट टाळला होता असे आठवत असेल, तर त्याला आवर्जून कळवावे. मी माझ्या त्या मित्राला कळवले. त्याने चित्रपट पाहिला आणि त्याला ती वस्तू पहिल्याच खेपेला दिसली.