वारेला रक्त कमी पडू नये म्हणून: घरी आणि उपकेंद्रात काय करायचं

दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जातं. त्यातलं बहुतेक वारेला, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवाला, मिळतं. हे रक्त आणणाऱ्या वळणदार धमन्यांच्या भिंतीत आधी स्नायू असतो. वारेच्या पेशी साधारण पाचव्या महिन्यापर्यंत तो काढून टाकतात; नळी रुंद, सैल होते आणि मग तिला गरजेप्रमाणे आकसता-फुलता फारसं येत नाही. संत्र्याच्या बागेतलं ठिबक आठवा: मेन लाइनमध्ये दाब टिकला तरच शेवटच्या झाडाला पाणी. इथे मेन लाइन म्हणजे आईचं शरीर.

बाळाकडची बाजू वेगळी. नाळेत दोन धमन्या, एक शीर. वारेत मज्जातंतू नाहीत. तिथल्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइडसारख्या जागच्या जागी तयार होणाऱ्या रसायनांनी उघडतात. जिथे ऑक्सिजन कमी, तिथल्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. त्यात आपला हात पोचत नाही. आईच्या बाजूला मात्र पुष्कळ करता येतं.

झोपताना
पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो. हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, घाम फुटतो, अंधारी येते. सातव्या महिन्यापासून कुशीवरच निजावं. डावी उत्तम, उजवीही चालते. बाजेला झोळ आला असेल तर आधी ती ताणून घ्या, कारण झोळात बाई आपोआप पाठीवर येते. पाठीमागे वाकळीची गुंडाळी लावा. जाग आल्यावर उताणी असली तर घाबरायचं नाही, कूस बदलायची. तपासणीच्या टेबलावर उजव्या कमरेखाली चादरीची घडी ठेवा.

बीपी मोजताना
सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वेचणीवरून चालत आलेल्या बाईला ५ मिनिटं बसू द्या. पाठीला टेका, दोन्ही पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला किंवा हात खाली लोंबला तर आकडा खोटाच वाढतो. हवा सेकंदाला २ मिलिमीटरने सोडा. घाईत सोडली तर वरचा आकडा कमी दिसतो आणि आजारी बाई घरी परत जाते.

१४०/९० किंवा जास्त आलं तर लघवीतली प्रथिनं तपासा, त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरला दाखवा, ४ तासांनी पुन्हा मोजा. १६०/११० आलं, किंवा वाढलेल्या बीपीबरोबर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, बरगडीखाली दुखत असेल, तर लगेच १०८.

अशा बाईच्या धमन्यांतला तो स्नायू बहुतेकदा नीट गेलेलाच नसतो, नळ्या अरुंद राहिलेल्या असतात. म्हणून सासऱ्याची बीपीची गोळी तिला कधीच देऊ नका. दाब एकदम उतरला तर बाळाकडचं रक्तही उतरतं, आणि त्यातल्या काही गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला थेट घातक असतात. मागच्या खेपेला बीपी वाढलं होतं अशा बाईने तिसऱ्या महिन्यातच डॉक्टर गाठावा. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन द्यायची तर ती १२ आठवड्यांनंतर, १६ च्या आत सुरू झालेली बरी.

खर्रा, ऊन, सिकलसेल
निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं. मळमळ थांबावी म्हणून गालात धरलेला चिमूटभर खर्राही तंबाखूच आहे. मे महिन्यात ४५ अंशांत शरीरातलं पाणी आटतं, रक्ताचं आकारमान घटतं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, शेतातलं काम सकाळीच उरका. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार; त्याच्या रुग्णाला तर हे फार जपावं लागतं, कारण पाणी कमी झालं की या पेशी वारेतही अडकतात. तिचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त पोचूनही ऑक्सिजन कमी पडतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, २ तासांचं अंतर ठेवा.

कळा
कळ आली की आवळलेल्या स्नायूत धमन्या दबतात, बाळाला रक्त मिळतं ते दोन कळांच्या मधे. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा आल्या तर ती उसंत उरत नाही. म्हणून कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नका.

हालचाल
सातव्या महिन्यानंतर हालचाल कमी वाटली तर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. २ तासांत १० हालचाली झाल्या नाहीत, किंवा झाल्या तरी नेहमीपेक्षा मंद वाटल्या, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा.