चिपच्या दोन प्रक्रियांची घनता आणि वीजवापर कसा ताडून पाहावा

नवी पेठेत मोबाईल घ्यायला जा, ‘पाचपेक्षा चार नॅनोमीटर भारी’ हे ऐकायला मिळणारच. तो आकडा आधी बाजूला ठेवा. ते चिप बनवण्याच्या प्रक्रियेचं नाव आहे, माप नव्हे. इंटेलने २०२१ मध्ये आपल्याच सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेला ‘इंटेल ७’ म्हटलं. चादरीची वीण लेबलावरून कळत नाही, इंचातले धागे मोजावे लागतात, तसंच हे.

घनता काढणं सोपं: ट्रान्झिस्टरांची (चिपमधल्या सूक्ष्म स्विचांची) संख्या भागिले चिपचं क्षेत्रफळ. मात्र एकाच प्रकारच्या चिपा घ्या. चिपा बनवून देणाऱ्या टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या ७ नॅनोमीटरवरच एनव्हिडियाच्या जीए१०० या ग्राफिक्स चिपमध्ये चौरस मिलिमीटरला साडेसहा कोटी ट्रान्झिस्टर बसतात, एएमडीच्या झेन २ प्रोसेसरच्या कोअर असलेल्या चिपमध्ये सुमारे पाच कोटी.

खरी गोची विजेत आहे. बहुतेक जण दोन चिपा पूर्ण वेगात पळवतात, वॅट मोजतात आणि निकाल देतात. ही तुलना सरळ चुकीची आहे. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे तीच चिप कमी वेगात काटकसरी आणि कमाल वेगात उधळी असते. फक्त कमाल वेगाला मोजलं तर कंपनीने वेग कुठवर ताणला एवढंच कळतं. टीएसएमसीचा स्वतःचा दावाही नीट वाचा: ७ वरून ५ वर गेल्यास तेवढ्याच विजेत १५ टक्के जास्त वेग, किंवा तेवढ्याच वेगात ३० टक्के कमी वीज. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

म्हणून रचना जवळपास सारखी, प्रक्रिया वेगळी अशी जोडी शोधा. जुन्या बाजारात एएमडीचे प्रोसेसर रायझन १७०० (१४ नॅनोमीटर) आणि २७०० (१२ नॅनोमीटर) मिळतात. दोन्हींची चिप २१३ चौरस मिलिमीटरची, ट्रान्झिस्टर ४८० कोटीच. म्हणजे नाव बदलूनही घनता तीच. मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय एकच ठेवा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग एकेक पायरी उतरवा, प्रत्येक वेगाला स्थिर चालेल तेवढं किमान व्होल्टेज द्या, तेच काम चालवून वेळ आणि वॅट टिपा. व्होल्टेज ‘ऑटो’वर अजिबात सोडू नका, मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त देतो. मग आलेख काढा आणि समान वेगाला वीज, समान विजेला वेग वाचा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. चिप तापली की गळतीचा प्रवाह (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज) वाढतो, म्हणून दोन्ही मोजण्या एकाच तापमानाला घ्या. एक सकाळी, दुसरी भर दुपारी घेतली असेल तर दोन्ही पुन्हा करा.