फोंड्यात बसून सप्टेंबरचा बेसबॉल कसा पाहावा

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलला खरा रंग चढतो. मार्चअखेर हंगाम सुरू होतो, प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यातले एकशेवीसच्या आसपास उरकलेले असतात. म्हणून कुणी विचारलं की आता पुढच्या मार्चची वाट पाहू का, तर मी सांगते, मुळीच नको. आत्ताच बसा. कोण शर्यतीत आहे आणि कोण गळालं हे क्रमवारीच्या तक्त्यात स्वच्छ दिसत असतं, आणि सहा आठवड्यांचा खेळ नोकरी-संसार सांभाळून सहज पाहता येतो.

पहिलं काम, संघ एकच धरा. तीस संघ आहेत, सगळ्यांच्या मागे लागाल तर एकही हाती लागणार नाही. संघ निवडताना आमच्यासारख्यांनी आधी घड्याळ पाहावं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, तर सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही पश्चिमेची शहरं साडेबारा तास. न्यूयॉर्कची संध्याकाळी ७.०५ ची मॅच आपल्याकडे पहाटे ४.३५ ला लागते. सिअ‍ॅटलची ६.४० ची मॅच सुरू होते सकाळी ७.१० ला, म्हणजे पोदेर (पाववाला) येऊन गेलेला, उंडे (गोल पाव) टेबलावर आणि चहा कपात. माझा भाचा तिकडे राहतो म्हणून सिअ‍ॅटल मरिनर्सशी माझी ओळख झाली, पण हा संघ माझ्या अंगवळणी पडला तो या वेळेमुळे.

वेळापत्रक लावताना तारखेकडे नीट लक्ष द्या. तिकडची शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ. रविवारी ते बहुतेक दुपारी खेळतात, त्यामुळे पश्चिमेची रविवारची मॅच आपल्याकडे सोमवार उजाडायच्या आधी मध्यरात्रीनंतर होते आणि सकाळी उठेपर्यंत निकाल लागलेला असतो. त्या मॅचसाठी जागू नका. उलट पूर्वेकडची रविवार दुपारची मॅच आपल्याकडे रविवारी रात्री अकराच्या सुमारास लागते. घर शांत झाल्यावर तिच्या नऊ डावांतले चार-पाच पाहून झोपायला काही हरकत नाही. आपला संघ पूर्वेच्या दौऱ्यावर गेला की आठवडाभर पहाटेची गणितं सुरू होतात. तेव्हा मी नेहमीच्या वेळेला उठते आणि सहाव्या-सातव्या डावापासून पुढे पाहते. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बदलण्याची धावाधाव, बदली फलंदाज, खरी चुरस बहुधा तिथूनच असते.

मी पणजीला नोकरीला जाते, फोंड्याहून कदंबने. पिच क्लॉक (चेंडू फेकायला ठरावीक सेकंदांची मुदत) आल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, मॅच अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. त्याआधी तीन तास सहज ओलांडायची. पहिले तीन डाव घरी पाहायचे, उरलेले बसमध्ये ऐकायचे, अशी माझी रीत आहे. चित्रापेक्षा नुसता आवाज मोबाइलचा डेटा फारच कमी खातो, आणि बेसबॉलचं रेडिओ समालोचन इतकं बारकाईचं असतं की डोळे मिटले तरी मैदान दिसतं. म्हार्दोळला चौथा डाव, बाणस्तारीच्या पुलावर पाचवा, जुन्या गोव्यापाशी सहावा, असा साधारण हिशेब बसतो. पावसात वीज जाणारच, तेव्हा फोन रात्रीच भरून ठेवा. थेट पाहायला पैसे भरावे लागतात. ते नको असतील तर लीगच्या अ‍ॅपमध्ये एकेक चेंडूची नोंद येते आणि यूट्यूबवर प्रत्येक मॅचचे ठळक क्षण फुकट मिळतात. सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

आता मुख्य गोष्ट, तक्ता. सप्टेंबरमध्ये मी मॅचच्याही आधी तक्ता उघडते आणि त्यात आधी पराभवांचा रकाना पाहते. भाच्याने पहिल्या दिवशी मला हेच सांगितलं होतं, "मावशी, जिंकलेल्या मोजू नको गो, हरलेल्या मोज." कारण साधं आहे. पाऊस, सुट्ट्या, पुढे ढकललेले सामने यांमुळे दोन संघांचे खेळून झालेले सामने कधीच सारखे नसतात. कमी पडलेले विजय पुढे मिळवता येतात, पण पदरी पडलेला पराभव कुणी काढून घेत नाही.

समजा, एकाच गटातल्या पहिल्या संघाचे ८० विजय आणि ६० पराभव आहेत, दुसऱ्याचे ७७ आणि ६१. तक्ता सांगेल की दुसरा दोन सामने मागे आहे. विजयांतला फरक तीन, पराभवांतला एक, बेरीज चार, तिचे निम्मे दोन. पण पराभवांच्या रकान्यात अंतर फक्त एकाचं आहे, आणि दुसऱ्या संघाचे दोन सामने जास्त शिल्लक आहेत. म्हणजे दिसतं त्यापेक्षा तो जवळ आहे. याच आकड्यांवरून 'मॅजिक नंबर' काढा. १६३ मधून पहिल्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव वजा करा. १६३ वजा ८० वजा ६१, उत्तर २२. पहिला जिंकला की एक कमी, दुसरा हरला की एक कमी, दोन्ही एकाच दिवशी घडलं तर दोन कमी. शून्यावर आला की गट जिंकला. हा आकडा मी रोज सकाळी फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिते. घरातली बेसबॉल न पाहणारी माणसंही आता जाता जाता विचारतात, आज किती?

बाद फेरीची रचना एकदाच समजून घ्या. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत पाच-पाच संघांचे तीन गट. प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन गटविजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. वरचे दोन गटविजेते पहिली फेरी खेळत नाहीत. ही पद्धत २०२२ पासूनची. त्याच वर्षी बरोबरी सोडवायला खेळायचा जादा सामनाही बंद झाला, आता आधी दोघांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल पाहतात. एका गटातले संघ वर्षभरात एकमेकांशी तेरा वेळा खेळतात. तेरा विषम आहेत, त्यामुळे तेराही सामने झाले की कुणीतरी वरचढ ठरतोच. म्हणून ऑगस्टमध्येच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आपल्या संघाचं कुणाविरुद्ध किती-किती झालं आहे.

२०२३ साली ह्यूस्टन आणि टेक्सस दोघांचे ९० विजय झाले. आपसातल्या सामन्यांत ह्यूस्टन पुढे होतं म्हणून गट त्याला गेला, टेक्सस वाइल्ड कार्डमधून आत आलं आणि शेवटी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकून गेलं. आमचं सिअ‍ॅटल ८८ वर थांबलं, शेवटचं वाइल्ड कार्ड टोरोंटोला ८९ वर मिळालं. एका विजयाचं अंतर! पुढच्या वर्षी पुन्हा तेच, ८५ विरुद्ध ८६. एप्रिलमधली हातची घालवलेली मॅच सप्टेंबरात कशी आठवते ते अशा वेळी कळतं. आणि मोठी आघाडीही धरून बसू नका. २०२५ मध्ये डेट्रॉइट क्लीव्हलँडच्या साडेपंधरा सामने पुढे होतं, तरी गट क्लीव्हलँडने जिंकला. एवढी पिछाडी भरून काढल्याचं दुसरं उदाहरण लीगच्या इतिहासात नाही.

वही मात्र ठेवाच. हे मी अगदी कळकळीने सांगते. चौकटींची गणिताची वही आणि पेन्सिल, बाकी काही लागत नाही. डाव्या बाजूला नऊ फलंदाजांची नावं एकाखाली एक, वर डावांचे आकडे एक ते नऊ. मैदानावरच्या जागांनाही आकडे आहेत: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला) ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला आणि दोघे बाद झाले, तर चौकटीत लिहायचं ६-४-३. फलंदाज तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या चांगल्या चेंडूंवर) बाद झाला की 'के', बॅट न फिरवता नुसता पाहत राहिला तर उलटा 'के'. धावणारा जिथवर पोचला तिथवर चौकटीतल्या छोट्या चौकोनाच्या बाजू गडद करायच्या, धाव पूर्ण झाली की चौकोन भरून टाकायचा. पहिल्या दोन-तीन मॅचना हात मागे पडतो. नंतर चेंडू फेकायच्या आधीच तुम्ही बेसवर कोण आहे, किती बाद आहेत, पुढे कोण येणार हे सांगू लागता, आणि बेसबॉलची गोडी नेमकी दोन चेंडूंमधल्या त्या थांबण्यात आहे.

माझ्या वहीत एक पान वेगळं दुमडून ठेवलं आहे. १ ऑक्टोबर २०२२, शनिवारची सकाळ, तिकडे ३० सप्टेंबरची रात्र. ओकलंडशी १-१ अशी बरोबरी, नववा डाव, दोन बाद, तीन बॉल (बाहेरचे, न खेळलेले चेंडू) दोन स्ट्राइक, आणि बदली फलंदाज म्हणून आलेल्या कॅचर कॅल रॉलीने चेंडू उजवीकडच्या भिंतीपलीकडे धाडला. २००१ नंतर पहिल्यांदा सिअ‍ॅटल बाद फेरीत गेलं. त्याच रॉलीने २०२५ च्या हंगामात असे ६० होमरन मारले. साठावा मारला त्याच रात्री संघाने गटही जिंकला. आपल्याकडे तेव्हा नवरात्र चालू होतं, म्हार्दोळच्या महालसेचा मखरोत्सव होता, आणि बसमध्ये मला आनंद कुणाला सांगू असं झालं होतं. वर्ल्ड सिरीज मात्र या संघाच्या नशिबी २०२५ पर्यंत आलेली नाही, त्या वर्षी एका सामन्याने हुकली.

सप्टेंबरमध्ये दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवा. १ सप्टेंबरला संघातली खेळाडूंची संख्या २६ वरून २८ होते, त्यात खालच्या लीगमधलं एखादं ताजं पोर वर येतं. त्याची पहिली मॅच चुकवू नका. सुरुवातीचे पिचर साधारण पाच असतात आणि पाळीपाळीने येतात, तेव्हा आपल्या आवडत्या पिचरची पाळी कधी हे मोजून वहीत लिहा. आठवड्यात दोनच मॅच नीट पाहायला जमणार असतील तर त्यातली एक त्याची असू द्या.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, कधी ऑगस्टअखेर येते, कधी सप्टेंबरच्या मध्याला. त्या दिवसांत माटोळी (गणपतीवर फळं-पानं बांधायची सजावट), पाहुणे, आरत्या यांतून मॅच पाहायला बसणं होत नाही, आणि बसूही नये. रात्री आवराआवर झाली की तीनच गोष्टी पाहा: आपला निकाल, तक्त्यातल्या शेजारच्या संघाचा निकाल, पराभवांचा रकाना. मूर्ती पाण्यात सोडून घर रिकामं झालं की राहिलेल्या मॅचचे ठळक क्षण सलग पाहून घ्या. हाती पाच मिनिटं असली तरी एक मॅच कळते.

शेवटच्या रविवारी जवळपास सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू होतात, आपल्याकडे तेव्हा रविवार-सोमवारच्या मधली रात्र, साडेबारा वाजून गेलेले. आपला संघ अजून शर्यतीत अडकलेला असेल तर सोमवारी अर्धा दिवस रजा टाका आणि दोन पडदे लावून बसा, एकावर आपली मॅच, दुसऱ्यावर ज्याच्या हरण्यावर आपलं पुढे जाणं अवलंबून आहे त्याची. वाइल्ड कार्डची फेरी लगेच मंगळवारी सुरू होते, तीनांत दोन जिंकायच्या आणि तिन्ही वरच्या संघाच्या मैदानावर. बाद फेरीच्या वेळा नेहमीपेक्षा वेगळ्या असतात, तेव्हा वेळापत्रक पाहून मगच गजर लावा.