ट्रॅकबॉलचा कर्सर अडखळतो? आधी गोळा काढून बघा

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीचे हिशेब करून मनगट दुखायचं, म्हणून अंगठ्याचा ट्रॅकबॉल (जागेवरच ठेवून, वरचा गोळा अंगठ्यानं फिरवून कर्सर हलवायचा माउस) घेतला. मनगटाला आराम पडला, पण काही महिन्यांनी कर्सर अडखळायला, उड्या मारायला लागला. ड्रायव्हर, सेल, यूएसबी पोर्ट, सगळं बदललं. नुसता वैताग!

जमलं ते असं: माउस बंद करून खालच्या भोकातून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं गोळा ढकलून काढला. आत तीन बारीक मणी असतात; त्यांच्याभोवती मळाचं करडं कडं घट्ट बसलेलं. ते लाकडी टूथपिकनं खरवडलं (धातूचं टोक नको). मग सेन्सरची काच कोरड्या इअरबडनं हलकेच पुसली. गोळा फडक्यानं पुसून तळहातावर जरा घोळवला. अगदी कोरडा गोळाही अडतो, म्हणून हाताचा किंचित ओशटपणा लागू द्यायचा. तेल मात्र घालू नका, सेन्सरवर पसरतं. आता कर्सर एक्सेलच्या बारीक रकान्यातही नेमका थांबतो.